क्लबची स्मरण-राइड : फोटो कुठून काढायचे आणि कॅमेरा कधी खाली ठेवायचा

अनवट_वाट

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या बाइक क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, ते पावसाळ्यात गेले. आजार मोठा होता, शेवटचे काही महिने गाडीला हातही लावता आला नाही. क्लबानं फेब्रुवारीत त्यांच्या गावी, गुहागर तालुक्यात, जमायचं ठरवलंय. सकाळी रत्नागिरीहून निघायचं, आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, तिथून फेरीबोटीनं तवसाळ आणि पुढे हेदवीवरून त्यांच्या घरी. जेवण त्यांच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. संध्याकाळी समुद्रावर जाऊन दोन मिनिटं शांत उभं राहायचं.

चाळीसेक गाड्या असतील. बुलेट जास्त, दोन-तीन जुन्या येझदी, एक-दोन आरएक्स, बाकी नव्या. फोटोंचं काम माझ्याकडे आलंय. मी लग्नं काढतो, शिमग्यातल्या पालख्या काढतो. पण तिथे लोकांना फोटो हवेच असतात. इथे काकू असतील, त्यांची मुलगी पुण्याहून येईल, गावातली माणसं असतील. कोणाच्या किती जवळ जायचं, हे कळत नाहीये.

रस्त्यावरचे फोटो, घरातले फोटो आणि संध्याकाळचे फोटो, तिन्हींबद्दल बोला. संध्याकाळी पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाड्या ओळीनं उभ्या करून सगळ्यांचे हेडलाइट समुद्राकडे लावायचे, अशी पोरांची कल्पना आहे. दिसेल सुंदर, म्हणून तेही विचारतो.

जुनी_येझदी

अण्णांबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याही ग्रुपनं असं एकदा केलंय, म्हणून रस्त्याचं सांगतो.

पुढच्या गाडीच्या शेजारची जागा रिकामी सोडून चालायचं, असं बरेच क्लब करतात. ही पद्धत विमानांच्या ताफ्याकडून आली. तिथे गेलेल्या सोबत्यासाठी ताफ्यात एका विमानाची जागा मोकळी ठेवतात. तुम्ही करणार असाल तर ती रिकामी जागा फोटोत दिसायला हवी, आणि नेमकी तीच दिसत नाही. कारण लेन्स. सगळे जण समोरून दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स लावतात. लांब लेन्समध्ये पुढची-मागची अंतरं चेपली जातात, मागची गाडी पुढच्या गाडीला चिकटल्यासारखी येते, आणि सोडलेली जागा मागच्या हेल्मेटांनी भरून जाते. ज्यासाठी सगळं केलं तेच गायब. म्हणून उंचावर जा. दरडीवर, एखाद्या घराच्या गच्चीवर, नाहीतर रस्ता वळून वर चढतो तिथे. पस्तीस-पन्नासची लेन्स लावून खाली बघत काढा. वरून जागा रिकामी दिसते.

दुसरं म्हणजे आरे-वारेला हे करू नका. रस्ता अरुंद, वळणं, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या. जयगडच्या रस्त्यावर बंदराचे ट्रक असतात. फेरीतून तवसाळला उतरून वर चढलात की सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, लागतो, वर्दळ कमी, नजर लांबवर जाते. तिथे करा. फेब्रुवारीत सड्यावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, खाली काळा कातळ. काळी जाकिटं त्यावर उठून दिसतील.

बाकी वेळ नेहमीसारखं एकाआड एक चाला. समोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर राहू द्या. फोटोसाठी कोणालाही जवळ यायला सांगू नका.

काळाकातळ

येझदींनी लेन्सचं बरोबर सांगितलं. मी शटरचं सांगतो.

एक-हजारांश सेकंदाच्या शटरवर काढलंत तर चाकाचे आरे थिजतात आणि चालती गाडी रस्त्यात उभी केल्यासारखी दिसते. ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाला १/६० सेकंद ठेवा, हात बसला की १/३०, आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवत न्या. अनेक फोटो वाया जातील, पण जे जमतील त्यांत वारा दिसेल. मात्र शांतता हवी म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर रस्त्यावर वापरू नका, फिरतं चाक वाकडं येतं. घरात, मांडवात ते चालेल, फक्त एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे पडतात का, हे आधी बघून घ्या.

काळी जाकिटं चौकटभर असली की कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळं उजळवून जाकिटं करडी करतो. एक्सपोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉप द्या. टाकीच्या चकाकीसाठी लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा. रंगावरची चकाकी त्यानं कमी होते, क्रोमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

उभं राहायचं ते वळणाच्या आतल्या बाजूला, बांधाच्या मागे. गाडी सुटली तर वळणाच्या बाहेर जाते. आणि हे मी हात जोडून सांगतो : मागच्या सीटवर उलटं बसून किंवा चारचाकीची डिकी उघडी ठेवून फोटो काढू नका. श्रद्धांजलीच्या दिवशी आणखी एका घरावर प्रसंग नको.

लांब_पल्ला

ड्रोन घ्या की! सड्यावरचा तो प्रसंग वरून अप्रतिम येईल. माझ्याकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, हवा तर देतो.

फेरीबोट

लांब_पल्ला, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही, हे खरं. पण झोन सगळ्यांना सारखेच. ग्रीन झोनमध्ये चारशे फुटांपर्यंत उडवता येतं, यलो आणि रेडमध्ये परवानगीशिवाय नाही. या वाटेवर जयगडचं बंदर आहे, वीजप्रकल्प आहे, आणि निघताना रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय बॅगेतूनही काढू नका.

सड्यावर नकाशा हिरवा असेल तर जरूर उडवा. घरावर आणि समुद्रावर मात्र नको. दोन मिनिटांच्या शांततेत डोक्यावर ती घरघर कोणालाच नको असते.

आता माझ्या आवडीच्या जागेबद्दल, फेरीबोटीबद्दल. जयगड-तवसाळ हा तुमच्या अख्ख्या दिवसातला सर्वांत चांगला वेळ आहे. गाड्या स्टँडवर, हेल्मेटं काढलेली, हातात करायला काही नाही. माणसं कठड्याला टेकून गेलेल्या माणसाबद्दल बोलायला लागतात. घरी पोचल्यावर सगळे गंभीर होतात, इथे ते हसत हसत आठवणी सांगतात, मधेच एखादा गप्प होतो आणि पाण्याकडे बघतो. उजेड पाण्यावरून आणि डेकवरून उलटून चेहऱ्यावर येतो, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या राहत नाहीत. बोट पलीकडे पोचायला फार वेळ लागत नाही, तेव्हा लेन्स आधीच लावून ठेवा. चढण्याआधी बोटीवरच्या लोकांना कल्पना द्या आणि गाड्या ते सांगतील तशाच लावा.

समईची_वात

मी गाड्यांमधली नाही, पण गेलेल्या माणसाच्या घरातली आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे बाबांच्या वेळी एक जण फोटो काढत होता. आई हमसून रडत होती आणि तो वाकून, अगदी तोंडासमोर. ते फोटो आम्हाला न विचारता दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरले. आईनं त्यानंतर बरेच दिवस बाहेर पडायचंच टाळलं.

अनवट, तुम्ही आधी एकदा काकूंना भेटायला जा. कॅमेरा न घेता. बसा, चहा घ्या, आणि विचारा, काय काढलेलं चालेल, काय नको. मुलीलाही वेगळं विचारा, दोघींचं उत्तर एकच असेल असं नाही. भिंतीवरच्या फोटोचंही विचारा. आजारपणात माणूस ओळखू येत नाही इतका उतरलेला असतो. क्लबवाल्यांना वाटतं शेवटच्या भेटीचा फोटो मोठा करून लावावा. घरच्यांना तो बघवत नाही.

काळाकातळ

समईताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण मी जरा वेगळं मत मांडतो. फोटोग्राफरनं रडण्याकडे पाठ फिरवली तर उरतं काय? गाड्या आणि हार. दहा वर्षांनी घरच्यांनाच तो क्षण हवा असतो, अमुक माणूस आला होता, त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला होता. मागाहून तो कुठून आणणार? काढावा, असं माझं म्हणणं आहे.

समईची_वात

काढू नका असं मी म्हटलंच नाही. कोणाच्या हातात आधी जाईल, हे विचारा म्हणते. आणि एका फोटोसाठी वीस वेळा खटखट नको.

काळाकातळ

हे पटलं. लांबून, पंच्याऐंशीच्या लेन्सनं, एकदाच. आणि कार्डावरून थेट घरच्यांकडे. मधे कोणी नाही.

माडाखालचो

मी देवगडचो. संध्याकाळच्या बेताबद्दल बोलतंय. गाडये पुळणीत उतरवू नकात. आमच्या गावात तर कोण उतरवूक देवचेच नाय.

कारण सगळ्यांना नीट कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहितो. फेब्रुवारी म्हणजे ऑलिव्ह रिडली कासवांचा हंगाम. मादी रात्री पुळणीत येऊन अंडी घालते, शंभराच्या आसपास, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. वेळास आणि आंजर्ल्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण गुहागरच्या किनाऱ्यावरही भरपूर घरटी होतात. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. रात्री समुद्रावर जो मंद उजेड असतो, त्यावर त्यांची दिशा ठरते. मागून दिवे आले की ती जमिनीकडे वळतात. टायरच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू वर चढू शकत नाही, आणि गाडीखाली पुळण दाबली गेली की आतलं घरटं जातं. अंडी घालायला वर येणारी मादी उजेड बघून तशीच परत फिरते. वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाच्या बरोबरीचं.

गाड्या वर सुरूच्या बनाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवा आणि चालत जा. सूर्य बुडायच्या आत उरकून घ्या. कासवमित्र असतात किनाऱ्यावर, त्यांना आधी भेटा, ते जागा दाखवतील.

आणि तारीख ठरवताना तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशोब. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती असते, उभं राहायला जागा कमी उरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती दुपारी आणि संध्याकाळी ओहोटी, लांबपर्यंत ओली पुळण.

अनवट_वाट

माडाखालचो, तुमचे आभार कसे मानू. हेडलाइटचा बेत रद्द. क्लबच्या ग्रुपवर तुमचं उत्तर जसंच्या तसं टाकलं, एकानंही वाद घातला नाही. कोणीतरी लिहिलं, अण्णांनीच हे आधी थांबवलं असतं. खरं आहे. तारीख पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी सरकवली.

समईताई, काल काकूंकडे जाऊन आलो. बराच वेळ बसलो. त्या म्हणाल्या, "रडताना काढलास तरी चालेल, पण मला आधी दाखव. आणि मला त्यांच्या गाडीजवळ एकटीला एकदा उभं राहायचंय, तेव्हा कोणी नको. तूसुद्धा नको." मुलीनं सांगितलं, तिचा रडतानाचा एकही नको. दोन्ही वहीत लिहून घेतलं.

भिंतीसाठी काकूंनी जो फोटो निवडला तो कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आहे. बारा बाय अठराला छापायचाय. जमेल?

काळाकातळ

व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूला सोळाशे पिक्सेलच्या आसपास उरतो. अठरा इंचांना ते इंचामागे नव्वदच्याही खाली जातं, चेहरा मऊ आणि चिकट दिसेल. किमान दोनशे हवेत, म्हणजे छत्तीसशे. ज्यानं काढला त्याला शोधा आणि मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. फ्रेमला चकाकणारी काच घालू नका. हार घातलेल्या फोटोचा फोटो काढताना खळ्यातला अख्खा मांडव तिच्यात दिसतो.

घरातला उजेडही सांगून ठेवतो. पोफळीच्या आगरात माणसं उभी करू नका. चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके पडतात आणि पानांमधून आलेला उजेड कातडी हिरवट करतो. पडवीत बसवा. खळ्याकडून एका बाजूनं येणारा मऊ उजेड मिळतो, मागे माजघराचा काळोख. याहून चांगला स्टुडिओ शहरात पैसे देऊन मिळत नाही. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा, लाल मातीचा रंग हनुवटीखाली उमटतो तो नंतर काढता येतो.

अनवट_वाट

मूळ फाइल मिळाली! क्लबमधल्या एका मुलाच्या जुन्या फोनमध्ये होती.

फेरीबोट

कसं झालं ते लिहा नक्की. वाट बघतोय.

अनवट_वाट

झालं. सविस्तर लिहितो, कारण तुमच्याशिवाय जमलं नसतं.

फेरीबोटीबद्दल शब्दन् शब्द खरा निघाला. त्या तेवढ्या वेळात माझे अर्धे चांगले फोटो झाले. एक जण कठड्याला रेलून सांगत होता, पहिल्यांदा कुंभार्ली घाट उतरताना तो घाबरला, तेव्हा अण्णा घाटभर त्याच्या पुढे मुद्दाम सावकाश चालले होते. ऐकणाऱ्या चौघांचे चेहरे एकाच फोटोत आहेत आणि चारही वेगळे आहेत.

सड्यावर अण्णांची बुलेट त्यांच्या मुलीनं चालवली. शेजारची जागा मोकळी. मी पुढे जाऊन रस्त्याच्या वरच्या अंगाला दरडीवर चढून बसलो होतो, पस्तीसची लेन्स. एकच फेरी, परत करायला लावणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. येझदी, जागा दिसते. अगदी स्पष्ट दिसते. तिच्या डाव्या हाताला मोकळा डांबरी रस्ता, त्यावर तिच्या गाडीची सावली, आणि मागे सगळे. ड्रोन शेवटी आणलाच नाही, त्याची गरजही पडली नाही.

घरी पोचल्यावर पोरांपैकी काहींना सगळ्यांनी एकदम इंजिन रेस करून मानवंदना द्यायची होती. शेजारच्या घरात बाळंतीण होती, काकूंनी नको सांगितलं. इंजिनं बंद करून गाड्या खळ्याबाहेर ढकलत आणल्या. मला हेच जास्त आवडलं. जड गाड्या, दोघं-दोघं मिळून ढकलताहेत, जाकिटं काढून खांद्यावर टाकलेली.

काकू गाडीजवळ गेल्या तेव्हा मी कॅमेरा पडवीत ठेवला आणि पाण्याच्या पिंपाकडे जाऊन उभा राहिलो. त्या क्षणाचा फोटो नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घातलं. आमच्यात ख्रिश्चन आहेत, मुसलमान आहेत, सगळे हात जोडून "व्हय महाराजा" म्हणाले. नंतर ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं फुलं वाहिली. हा भाग मी मागून काढला, चेहरे न दाखवता, जोडलेले हात आणि पाठीवरचे क्लबचे बिल्ले.

आणि जेवणानंतर जे झालं ते कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनी अण्णांच्या हत्यारांची गुंडाळी आणली. जाड खाकी कापड, शिवलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यावर तेलाचा काळा डाग त्या त्या पान्याच्या आकाराचा. पडवीच्या पायरीवर ती उलगडली आणि एकेकाला बोलावून एकेक वस्तू हातात दिली. दहा-अकराचा पाना, प्लग पाना, गॅप मोजायची पट्टी, चिकटपट्टीनं वेटोळं बांधून ठेवलेली जादा क्लच केबल. मी पायरीच्या खालच्या बाजूला बसलो आणि फक्त हात काढले. देणारा हात तोच, घेणारे बदलत गेले. बुलेटवाला, येझदीवाला, परवाच परवाना मिळालेला मुलगा. उजेड बाजूनं येत होता, काळाकातळ, तुम्ही सांगितलं तसाच. मला वाटतं माझं या दिवसाचं खरं काम हेच होतं.

संध्याकाळी गाड्या रस्त्यावर ठेवून चालत गेलो. कासवमित्रांनी घरटी कुंपणात हलवलेली जागा दाखवली, तिच्यापासून लांब उभे राहिलो. सगळे समुद्राकडे तोंड करून. समोरून उजेड सोनेरी होता, पण पाण्यात उतरून त्यांच्या समोर उभं राहणं मला प्रशस्त वाटलं नाही. ओळीच्या टोकाला, पाण्याच्या कडेला थांबलो आणि बाजूनं काढले. पाण्याकडून चेहऱ्यांवर उजेड, मागे सुरूचं बन. अंधार पडायच्या आत सगळे वर आलो.

समईची_वात

वाचताना डोळे भरून आले. हातांचे फोटो काकूंना फार जपून ठेवावेसे वाटतील.

जुनी_येझदी

इंटरनेटवर टाकणार असाल तर एक लक्षात घ्या. नंबर प्लेटी झाका, आणि फाइलमधलं ठिकाण काढून टाका. काकू मुलीकडे पुण्याला गेल्या की घर बंद राहणार. कोकणातलं बंद घर, आत काय आहे आणि रस्ता कुठून, हे सगळं फोटोत मिळतं.

अनवट_वाट

हे लगेच करतो. सध्या कुठेच टाकलेले नाहीत. सगळे फोटो छोट्या आकारात छापून काकूंकडे दिलेत, त्यांनी दोन गठ्ठे करायचे, घरात राहणारे आणि क्लबला चालणारे. लेकीचे दोन फोटो तिनं गाळायला लावले, ते मूळ फाइलसकट पुसले. सड्यावरचा एक मात्र तिनं स्वतःहून मागितला, मोठा करून.

काळाकातळ

कॅमेरा आणि लेन्स ओल्या फडक्यानं पुसून घेतलंत ना? खारं वारं दिवसभर लागलंय. आधी ब्लोअरनं पुळण उडवा, मग गोडं पाणी लावून पिळलेलं फडकं, मग कोरडं. बॅग तशीच बंद करून ठेवू नका, सिलिका जेल टाका, नाहीतर पावसाळ्यापर्यंत बुरशी धरेल. आणि मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक तुमच्याकडे, एक त्या मुलीकडे.

अनवट_वाट

पुसलं त्याच रात्री. दुसरी डिस्क उद्या कुरिअर करतो, बरोबर सड्यावरचा फोटो, बारा बाय अठरा, मॅट कागदावर.